पोरांच्या हाताला वळण

बेंबळी, जि. धाराशिव

एक साधा प्रश्न आहे. समजा, तुम्ही दोघेही रानात आहात. घरी दहा वर्षांचे पोर आणि त्याचे धाकटे भावंड एवढीच दोघे आहेत. धाकट्याला सकाळपासून जुलाब लागले आहेत. अशा वेळी थोरले पोर काय करील? भेदरून दारात रडत बसेल, की साबणाने हात धुऊन, लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवील, ते पाणी भावंडाला घोट घोट पाजील आणि शेजारच्या काकूंना हाक मारील?

हे पाणी करायला पाच मिनिटे लागतात. शिकवायला फार तर एक दुपार. तेवढ्यावर न भागता लेकरू मलूल पडले, डोळे खोल गेले किंवा शौचातून रक्त गेले, तर दवाखाना गाठायचा, हेही त्याच दुपारी सांगून होते. पण ती एक दुपार आपल्या घरात येत नाही. पेरणी आहे, खुरपणी आहे, काढणी आहे, लग्नसराई आहे. पोरांना पुस्तक शाळा शिकवते, बाकीचे मोठेपणी आपोआप येईल, असे आपण धरून चालतो. आपोआप तण उगवते. पीक पेरावे लागते. मुलांच्या अंगच्या कामाचेही तसेच आहे.

काम सांगणे वेगळे, शिकवणे वेगळे

तुम्ही म्हणाल, आमची पोरे काय रिकामी बसतात? पाणी आणतात, शेळी सोडतात, दुकानातून मीठ-मिरची आणतात. खरे आहे. पण नीट पाहा, आपण त्यांना कामाचे तुकडे देतो. ‘‘तांब्या आण. दार लाव. कोंबडी हाकल.’’ तुकडे करणारे पोर हुकूम पाळायला शिकते, काम शिकत नाही. कारण कामाची सुरुवात कुठे, शेवट कुठे आणि मधे काय बिघडू शकते, हे त्याला कधी कळतच नाही.

ज्वारीच्या भाकरीचेच घ्या. ‘‘पीठ आण’’ म्हटले की पोर पीठ आणते आणि खेळायला पळते. पण एखाद्या रविवारी त्याला जवळ बसवून सगळे काम दाखवा. पीठ चाळून घ्यायचे. पीठ जुने होऊन त्याची विरी गेली असेल तर गरम पाणी वापरायचे. एका भाकरीपुरतेच मळायचे, पण चांगले रगडून. थापताना कडा फाटू लागल्या तर मळणे कमी पडले असे समजायचे. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी सुकायच्या आत भाकरी उलटायची. शेवटी परात धुऊन, पिठाचा डबा झाकून, तवा जागेवर ठेवायचा. इथे काम संपले. पहिल्या दिवशी भाकरी नकाशासारखी होईल. होऊ द्या. त्या पोराला भाकरीमागची युक्ती कळली, आणि जेवायला बसल्यावर पहिला घास आईच्या श्रमाची आठवण ठेवून घ्यायची बुद्धीही आली.

म्हणून पहिला नियम असा: काम लहान असो, पण पुरते द्या. सुरुवातीपासून आवराआवरीपर्यंत ते त्याचे असावे.

कोसबाडच्या टेकडीवरचा धडा

हे काही नवे खूळ नाही. १९०७ साली इटलीतील रोम शहरात मारिया माँटेसरी या डॉक्टरबाईंनी मजुरांच्या वस्तीतील मुलांसाठी बालगृह उघडले. तिथे तीन-चार वर्षांची मुले एका भांड्यातून दुसऱ्यात न सांडता पाणी ओतायला, गुंड्या लावायला, टेबल पुसायला शिकत. अक्षरांच्या आधी हात तयार व्हावा, असा त्यांचा आग्रह होता. १९३९ साली त्या भारतात आल्या आणि पुढे काही वर्षे इथे राहून त्यांनी शिक्षकांचे वर्ग घेतले.

त्यांची पद्धत आपल्या खेड्याच्या मातीत रुजवली ती ताराबाई मोडक यांनी. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केल्यावर ताराबाईंनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचे केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला होत्या. पुढे हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. परदेशी पद्धतीची लाकडी साधने महाग होती, खेड्यात परवडणारी नव्हती. या दोघींनी शिंपले, गोटे, बिया, पाने, माती हीच साधने केली. जे दारात पडले आहे त्यातून मोजणे, निवडणे, रचणे शिकवले.

वारली मुले शाळेत येत नसत, कारण कोणी गुरे राखी, तर कोणी कडेवर भावंड घेऊन फिरे. तेव्हा ताराबाईंनी आणि अनुताईंनी मुलांना दोष दिला नाही. त्या स्वतः त्यांच्या अंगणात गेल्या, ती अंगणवाडी झाली. गुरे चरत तिथे गेल्या, ती कुरणशाळा झाली. १९७५ पासून देशात बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द गावोगाव पोहोचला. आपल्या गावातली अंगणवाडी हे नाव त्या टेकडीवरच्या कष्टांशी जोडलेले आहे.

यातून आपण काय घ्यायचे? एवढेच की, मुलाला शिकवायला महागडे खेळणे लागत नाही. तुमच्या घरात सूप आहे, पाट आहे, मापटे आहे, तूर आहे, हरभरा आहे. अंगणात शेण आहे, माती आहे, पाणी आहे. ज्या साधनांसाठी त्या दोघी रानोमाळ हिंडल्या, ती सगळी शेतकऱ्याच्या घरात आधीच आहेत. कमी असतो तो फक्त आपला वेळ आणि धीर.

कोणत्या वयाला काय द्यावे?

प्रत्येक पोर वेगळे असते, म्हणून पुढची वये अंदाजाने धरा.

*तीन ते पाच वर्षे.* या वयाचे मूल स्वतःहून म्हणते, ‘‘मी करू?’’ आणि आपण म्हणतो, ‘‘ठिव तिकडं, सांडशील!’’ असे पन्नास वेळा ऐकले की ते विचारणे सोडते. मग बाराव्या वर्षी आपणच तक्रार करतो की पोर कामाला हात लावत नाही. या वयात लहान तांब्यातून पेल्यात पाणी ओतू द्या. चपला जोडीने ठेवणे, स्वतःचे ताट उचलणे, तुरीत मिसळलेला हरभरा निवडणे, कोंबड्यांना दाणे टाकणे, जेवणाआधी हात धुणे एवढे पुष्कळ झाले.

*सहा ते आठ वर्षे.* अंगण झाडणे, कपड्यांच्या घड्या घालणे, स्वतःचे दप्तर भरणे, वेणी किंवा भांग, नखे काढणे, शेळीच्या करडाला पाणी पाजणे. आपले पूर्ण नाव, गाव, तालुका, जिल्हा आणि घरातला एक फोन नंबर तोंडपाठ हवा. जत्रेत चुकामूक झाली तर हेच उपयोगी पडते.

*नऊ ते अकरा वर्षे.* गुंडी शिवणे, भाजी चिरणे, वरण-भात लावणे, मोठे माणूस जवळ असताना गॅस पेटवणे आणि काम होताच शेगडी व टाकी दोन्ही बंद करणे. बाजारच्या दिवशी हातात ठरावीक पैसे द्या. भाव विचारणे, वजन पाहणे, उरलेले पैसे मोजून आणणे आणि घरी आल्यावर वहीत लिहिणे हे त्याच्याकडे सोपवा. कोणाला बरे नसेल तर १०८ नंबरला फोन करून गावाचे नाव, घराजवळची खूण आणि काय झाले ते शांतपणे सांगता आले पाहिजे. हा सराव फोन न लावता, आई-बापाने पलीकडचा माणूस होऊन घरीच घ्यावा.

*बारा ते चौदा वर्षे.* घरखर्चाची महिन्याची वही, सातबारा उताऱ्यावर कोणाचे नाव आणि किती क्षेत्र आहे ते वाचणे, बँकेची स्लिप भरणे, एस. टी.चे वेळापत्रक पाहून तालुक्याला जाऊन येणे, सायकलचे पंक्चर काढणे. फोनवर आलेला ओटीपी कोणालाही, अगदी गोड बोलणाऱ्या बँकेच्या साहेबालासुद्धा, सांगायचा नाही हे तर आजोबांनाही शिकवायला त्याला सांगा. दुसऱ्याला शिकवताना आपले शिकणे पक्के होते.

लेक आणि लेकरू

आता जरा कडू बोलायचे आहे. वर सांगितलेली कामे वाचताना तुमच्या मनात निम्मी मुलीकडे आणि निम्मी मुलाकडे गेली असतील. स्वयंपाक, झाडलोट, भावंड सांभाळणे मुलीला. बाजार, बँक, सायकल मुलाला. या वाटणीत दोघांचेही नुकसान होते.

मुलीचे नुकसान उघड आहे. आठवी-नववीला आली की घरचे सगळे काम तिच्या अंगावर पडते. आईबाप ऊसतोडीला किंवा मजुरीला बाहेर गेले तर धाकट्यांची आईच ती होते. आधी एक दिवस शाळा बुडते, मग आठवडा, मग नाव निघते. त्यामागोमाग घरात लग्नाची बोलणी सुरू होतात. तिला काम येत नव्हते म्हणून शाळा सुटली नाही. घरात काम येणारी ती एकटीच होती, म्हणून सुटली. भावाला भाकरी थापता आली असती, बापाला भांडी घासायची लाज वाटली नसती, तर ती वर्गात बसली असती. तेव्हा मुलाला चुलीजवळ बसवणे हे केवळ त्याच्या भल्याचे नाही. बहिणीची शाळा त्यावर टिकते.

मुलाचे नुकसान उशिरा दिसते. दहावी झाली की आपली मुले लातूरला, पुण्याला शिकायला जातात, खोली करून राहतात. ज्याला साधी खिचडी लावता येत नाही, कपडे धुता येत नाहीत, महिन्याचे पैसे पुरवून वापरता येत नाहीत, त्याचे निम्मे ध्यान पोटात आणि निम्मे घराकडे असते. बापाने सोयाबीन विकून धाडलेले पैसे खानावळीत आणि वडापावात जातात.

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात पाबळ हे गाव आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग या शास्त्रज्ञांनी १९८३ साली तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. तिथल्या शिक्षणाचे चार भाग आहेत: शेती व पशुपालन, घर व आरोग्य, बांधकाम-वेल्डिंगसारखी अभियांत्रिकीची कामे, आणि ऊर्जा व पर्यावरण. शिकणाऱ्याने चारही भागांत हात घालायचा असतो. जगायला हे सगळेच लागते, मग घरी तरी वाटणी कशाला?

कामाला जुंपू नका

याचा अर्थ पोरे राबवावीत असा कोणी काढू नये. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क आहे. २००९ चा कायदा तो देतो. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार चौदा वर्षांखालील मूल घरच्या कामात मदत करू शकते, पण शाळा सुटल्यावर किंवा सुटीत, आणि धोक्याच्या कामात मुळीच नाही. कायदा बाजूला ठेवला तरी फरक ओळखायची खूण सोपी आहे. ज्या कामातून पोराला काही येऊ लागते ते शिक्षण. जे आपला मजूर वाचावा म्हणून रोज करून घेतले जाते ती मजुरी.

आणि काही कामे अशी की ती पोराला करू द्यायचीच नाहीत. कडबा कुट्टीचे यंत्र, मळणी यंत्र, विहिरीवरची मोटार व स्टार्टर, ट्रॅक्टर आणि फवारणी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती मोठी माणसे होती. लेकराच्या कोवळ्या अंगाला तेच विष किती भारी पडेल?

पण ‘‘हात लावू नको’’ एवढे सांगून भागत नाही. का, तेही शिकवा. औषधाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो तो पोरांना दाखवा. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्या मानाने सौम्य. पण विष चौघांतही आहे. रिकाम्या डब्यात पाणी, तेल, दूध कधीही भरायचे नाही. ओल्या हाताने बटण दाबायचे नाही. तार तुटून पडली दिसली तर दूर उभे राहून मोठ्यांना हाक मारायची. साप चावला तर चिरा द्यायचा नाही, आवळून बांधायचे नाही, देवाच्या पारावर न्यायचे नाही. चावलेला भाग हलू न देता, माणसाला धीर देत थेट सरकारी दवाखान्यात न्यायचे. तिथे लस मिळते.

तेरच्या गोरोबाकाकांची कथा आपल्या भागात कोणाला सांगावी लागत नाही. भजनात रंगून चिखल तुडवताना पायाखाली रांगते लेकरू आले ते त्यांना कळले नाही. त्या कथेत विठ्ठलाने लेकरू परत दिले. कुट्टीत गेलेले बोट मात्र कोणी परत देत नाही. कामाच्या गर्दीत पोर कुठे आहे हे पाहणे हेही आपलेच काम आहे.

पोराच्या हाती हंगाम द्या

मुलाला खरे मोठेपण केव्हा वाटते? त्याने केलेल्या कामावर घर जेव्हा विसंबून राहते तेव्हा. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्धा येथे गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली होती. तिथे मांडलेल्या नई तालीमचे सूत्र हेच होते: मुलाने उपयोगाचे काम करावे आणि त्यातूनच गणित, विज्ञान शिकावे. आपल्या घरात हे कसे करता येईल, त्याचा एक नमुना देतो.

आपल्याकडे सोयाबीनचा पेरा मोठा. घरचे बियाणे वापरायचे तर पेरणीआधी त्याची उगवण तपासावी लागते. हे काम मे महिन्याच्या सुटीत दहा-बारा वर्षांच्या मुलाकडे किंवा मुलीकडे सोपवा. पोत्यात वेगवेगळ्या ठिकाणी हात घालून मूठमूठ बी काढायचे आणि त्यातले न निवडता १०० दाणे मोजायचे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडायच्या, वर दुसरे ओले गोणपाट घालून हलकी गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवायची. रोज पाणी शिंपडून ओल टिकवायची. सात-आठ दिवसांनी उलगडून चांगले कोंब आलेले दाणे मोजायचे. ७० किंवा जास्त निघाले तर बियाणे पेरायला योग्य. थोडे कमी पडले तर एकरी बियाणे वाढवावे लागते, फारच कमी असले तर ते बी पेरूच नये.

पाहा, यात मोजणी आली, शेकडेवारी आली, रोजची निगा आली आणि वाट पाहणेही आले. मुख्य म्हणजे त्या पोराच्या वहीतल्या आकड्यावर बापाने पेरणीचा निर्णय घेतला. असे पोर पुढे शेती करो की नोकरी, सांगितलेल्या गोष्टीवर डोळे झाकून विश्वास ठेवणार नाही. शंभर दाणे मोजून पाहील. आणि दुकानदाराने किंवा कोणी पुढाऱ्याने काही गळ्यात मारू पाहिले तरी आधी विचारील, ‘‘उगवण किती?’’

सांडेल, मोडेल, करपेल

शेवटी आपल्याविषयी, म्हणजे मोठ्यांविषयी. मुलांना शिकवण्यात अडचण मुलांची नसतेच. आपण हातात घेतले तर काम दहा मिनिटांत होते, पोराच्या हाताने अर्धा तास लागतो. पाणी सांडते, कपबशी फुटते, भाजी करपते. तेव्हा आपल्या तोंडून जे निघते त्यावर पुढचे सगळे ठरते. चार माणसांत पोराच्या करपलेल्या भाजीला हसू नका. सांडले तर ओरडू नका, फडके द्या. पुसणे हाही कामाचा भाग आहे. आपण मागाहून गुपचूप तेच काम पुन्हा करू नका. पोराला ते कळते आणि आपल्या हाताला किंमत नाही, असे त्याच्या मनात बसते. पैशाचे आमिष प्रत्येक कामाला दाखवू नका. स्वतःचे ताट उचलण्याची मजुरी कसली? पण काम चांगले झाले की ‘‘आज अंगण तू झाडलंस, बरं वाटलं’’ एवढे म्हणायला विसरू नका.

आणि पोरे सांगितलेले कमी, पाहिलेले जास्त उचलतात. बाप जेवून ताट तसेच ठेवून उठत असेल, तर पोराला ताट उचलायला सांगणारी आई कितीही कंठशोष करो, उपयोग व्हायचा नाही.

तेव्हा सगळे एकदम आणू नका. या रविवारी एकच काम निवडा. घरातल्या प्रत्येक पोराला, मुलगा असो की मुलगी, एकेक पुरते काम द्या आणि महिनाभर तेच त्याच्याकडे राहू द्या. एका दुपारी साखर-मिठाचे पाणी सगळ्यांना करायला शिकवा. एकदा तुम्ही करून दाखवा, एकदा त्यांच्याबरोबर करा, तिसऱ्यांदा हात मागे बांधून बाजूला उभे राहा. हे तिसरे पाऊलच सगळ्यांत अवघड आहे, आणि पोर शिकते ते त्याच वेळी.